काळ्या मातीचा माणूस वाळूत

आसेगावात रंगरावांना भित्रा कोणी म्हणत नाही. पाठीमागेसुद्धा नाही, कारण पाठीमागे बोलायचं तर माणसाच्या मागे थोडी मोकळी जागा लागते, आणि रंगरावांच्या मागे-पुढे कायम कोणीतरी उभं असतंच. पंचावन्न वर्षांत हा माणूस एकटा म्हणून कधी राहिलाच नव्हता. जन्मला तो भरल्या घरात. रात्री झोपणाऱ्यांची रांग एवढी लांब, की एका टोकाच्या काकानं कूस बदलली की दुसऱ्या टोकाचं पोरगं भिंतीवर आदळायचं. पुढे लग्न झालं, भाजीपाल्याचा मळा हाती आला, आणि भाजीपाला ही गोष्टच अशी की तिच्यात एकांत नाही. वांगी तोडायला बाया, सांभाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बाया, बाजारात समोर गिऱ्हाईक आणि बाजूला तीच भाजी एक रुपया कमी करून विकणारा चुलतभाऊ. रानडुकरं येतात म्हणून वावरात जागलीला जावं लागे, तेव्हा रंगराव सोबत दोन चुलतभाऊ, एक मेव्हणा आणि कुत्रा नेत. डुकरांना कुत्रा पुरेसा होता. बाकीची मंडळी रंगरावांसाठी.

अशा माणसावर यंदा वेळ आली ती अशी, की राजस्थानातल्या वाळवंटाच्या मधोमध, चारी बाजूंना वाळू, वर आभाळ आणि पुढ्यात अर्धा कॅन पाणी घेऊन तो एकटाच बसला आहे. तिथून धडपणे बाहेर पडावं, एवढीच त्याची त्या दिवशीची इच्छा होती. पण तो तिथे पोचला कसा हे आधी सांगायला हवं, कारण गावातल्या अर्ध्या लोकांना आजही वाटतं की रंगराव शौकानं गेले. शौकानं नाही, भिडेनं गेले.

सुरुवात गाडीपासून झाली. रंगरावांचा मळा गावापासून आत आहे, आणि मळ्याकडे जाणारी पांदण पावसाळ्यात रस्ता राहत नाही, तिचा गारा होतो. काळ्या मातीचा गारा ज्यानं तुडवला नाही त्याला सांगून समजणार नाही. पाय वर येतो, चप्पल तिथेच मुक्काम करते. एका पावसाळ्यात तोडलेली वांगी मळ्यातच सडली, तेव्हा रंगरावांनी एका ठेकेदाराची जुनी फोर-व्हील गाडी घेतली. साध्या गाडीत दोन चाकं ओढतात आणि दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती चालतात. हिच्यात एक दांडी ओढली की चारही चाकं कामाला लागतात. गाव तिला फोरबाय म्हणू लागलं. वांग्याचे कॅरेट घेऊन फोरबाय डबक्यातून निघालेल्या म्हशीसारखी संथपणे गाऱ्यातून बाहेर यायची, आणि लोक हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे.

हे कौतुक मंगरूळपर्यंत पोचलं. तिथे हुकूमचंद शेठचं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा मारवाडातून आलेले. हुकूमचंदांनी स्वतः मारवाड पाहिला होता तो कॅलेंडरवर, पण बोलायला बसले की म्हणायचे, "रंगराव, चिखलात काय कोणीही गाडी काढते. तिले एकदा वाळू दाखवा. आमच्याकडची." 'आमच्याकडची' म्हणताना ते असा हात करायचे, की जणू ती वाळू दुकानाच्या मागच्या गोदामात थप्पी लावून ठेवली आहे.

मोबाईलवर त्यांनी अशी कितीतरी माणसं पाहिली होती, जी एकटी वाळवंटात जातात, तंबू ठोकतात, चहा करतात आणि त्या चहाचं शूटिंग घरी बसलेल्यांना दाखवतात. महिनाभर रोज तेच पाहून त्यांनी रंगरावांना पटवलं. शिवरात्र झाली की दोघांनी जायचं, एक मुक्काम वाळूत करायचा, आणि वाळवंटाचा एक पट्टा आडवा कापून पलीकडच्या डांबरी सडकेला लागायचं. रंगरावांनी 'दोघांनी' हा शब्द पक्का ऐकला आणि हो म्हटलं.

निघायच्या आदल्या रात्री हुकूमचंदांचा फोन आला. घडलं होतं असं, की त्यांच्या घरी पानाबाईंनी साफ नकार दिला होता. शेठजी दिवस मावळायच्या आत जेवणार, पाणी उकळलेलं पिणार. तिथे वाळूत यांना उजेडाचं ताट कोण वाढणार? पण नवऱ्याला बायकोनं अडवलं हे सांगायचं कसं, म्हणून हुकूमचंदांनी रंगरावांना सांगितलं, ब्लडप्रेशर.

रंगरावांना सुटल्यासारखं झालं. सकाळी उठायचं, गल्लीत सांगायचं की बेत रद्द, आणि मेथी काढायला जायचं, असं ठरवून ते गाढ झोपले. सकाळी दार उघडलं तर गल्ली भरलेली. शेजारची बेबीताई आरतीचं ताट घेऊन उभी. गाडीच्या बॉनेटवर हळदी-कुंकू, चारही चाकांखाली लिंबं. सरपंच शाल घेऊन आलेले, आणि शाल आली की भाषण आलंच. "आपल्या आसेगावचा माणूस एकटा वाळवंट पार करून राह्यला," असं सरपंच म्हणाले. शेठची बातमी गावात आधीच पोचली होती, आणि गावानं तिचा अर्थ असा लावला होता की रंगराव आता एकटे जाणार. रद्द करतील हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. कोणीतरी नारळ फोडला. कोणीतरी हातावर दही ठेवलं. दही खाऊन निघालेला माणूस गल्लीतूनच परत फिरला, तर त्याला आयुष्यभर तेच ऐकावं लागतं.

खरं काय ते एकट्या उज्ज्वलाबाईंना कळलं. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम आणि हवेतला गारवा यांचा मेळ त्यांना बसेना. त्या गाडीच्या खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नसन जमत तर नका जाऊ. मी सांगतो लोकायले."

"आता कसं? नारळ फुटला ना."

"नारळाची चटनी करू. तुमचं काय करू?"

रंगरावांनी गाडी सुरू केली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जैसलमेरपर्यंत तसं काही वाटलं नाही. रंगरावांनी मुक्काम असे निवडले, की जिथे झोपायलाही धक्काबुक्की. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर बाजांची रांग असायची, त्यात मधली बाज ते हटकून मागून घेत. एका ढाबेवाल्यानं त्यांना कडेची, हवेशीर बाज देऊ केली, तर त्यांनी हात जोडले. रोज संध्याकाळी उज्ज्वलाबाईंचा फोन यायचा. गाव कोणतं हे त्या विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "आजूबाजूला कोणी हाय ना?" आणि रंगराव आजूबाजूच्या माणसांची नावं सांगायचे.

शेवटच्या गावात गोविंदसिंग म्हणून एक लॉजवाला भेटला. त्यानं नीट समजावून सांगितलं. चाकांची हवा कमी करा. गावाचा टॉवर पाठीशी ठेवा. उद्या दुपारपर्यंत समोर दुसरा टॉवर दिसेल, त्याच्या पायथ्याशी सडक आहे. काहीही झालं तरी गाडी सोडून पायी निघायचं नाही. मधे फोन लागणार नाही. मग त्यानं विचारलं, "साथ में कौन है?"

रंगराव म्हणाले, कोणी नाही, मला सवय आहे. गोविंदसिंग म्हणाला, पुतण्याला देतो अर्ध्या वाटेपर्यंत. इथे रंगरावांच्या तोंडून हो निघायला हवं होतं. पण सवय आहे म्हटल्यावर लगेच पुतण्या कसा घ्यायचा? ते म्हणाले, नको नको, आणि माझी वाटही पाहू नका, मी पलीकडूनच पुढे जाईन. हे बोलणारा माणूस कोण आहे, असं त्यांचं त्यांनाच वाटून गेलं. फसलो तर शोधायला येणारा जो एकच माणूस होता, त्यालाही त्यांनी घरी बसवलं होतं.

वाळूतला पहिला दिवस गेला. म्हणजे गाडी गेली. रंगराव तिच्यात स्टेअरिंगवर मूठ आवळून बसले होते. संध्याकाळी त्यांनी तंबू ठोकला. वाळूत खुंटी ठरेना, तेव्हा रिकाम्या पोत्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधल्या. टमाट्याला काठ्या-सुतळीचा आधार देण्यात हात बसलेला, त्यामुळे तंबू झकास उभा राहिला. रंगरावांनी त्याला चारी बाजूंनी पाहिलं, आणि काचा वर करून गाडीत झोपले. कोणी येऊ नये म्हणून दारं लावून घेतली, आणि कोणीच नाही म्हणून झोप लागेना. त्यात अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली. टपावरचा तो आवाज ऐकून त्यांना तेवढंच बरं वाटलं. ओळखीचं कोणीतरी येऊन गेल्यासारखं.

सकाळी तंबू गुंडाळून ते निघाले, आणि थोड्याच वेळात वाटेला दोन फाटे फुटले. गाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या दोन्हीकडे होत्या. डावीकडची वाट सखल भागातून जात होती. तिथे रात्रीचं पाणी मुरलं होतं, वाळू काळपट, ओली दिसत होती. उजवीकडची वाट टेकाडावरून, स्वच्छ, कोरडी, उन्हात पिवळीधमक.

आता कोणालाही विचारा. म्हणजे आमच्याकडच्या कोणालाही विचारा. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर एक अक्कल मिळते: ओलं दिसलं की वळायचं. कोरड्या जमिनीवर रस्ता नसला तरी चालेल, ओल्या जमिनीवर रस्ता असला तरी जायचं नाही. बैल जात नाही, म्हैस जात नाही, वऱ्हाडातला जावई चिखल पाहून वेशीवरून परत गेल्याची उदाहरणं आहेत. रंगराव थांबलेसुद्धा नाहीत. पंचावन्न पावसाळ्यांनी त्यांचे हात उजवीकडे वळवले.

टेकाड चढायला लागताच गाडीचा आवाज बदलला. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज घरातून ओळखणारा माणूस तो. त्याच्या कानाला आधी कळलं, डोक्याला नंतर. त्यांनी पाय दाबला. चाकं फिरली, गाडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली. त्यांनी आणखी दाबला. फोरबायनं एक उसासा टाकला आणि ती कोंबडी अंड्यावर बसते तशी पोटावर बसली.

गावी गाडी फसली की एक रीत आहे. चाकाखाली तुरीच्या वाळक्या तुराट्या घालायच्या, मागे चार माणसं लावायची आणि पाचव्यानं कडेला उभं राहून चुका काढायच्या. इथे तुराटी नव्हती, माणसं नव्हती. चुका काढायला मात्र रंगराव होते. त्यांनी फावड्यानं चाकं मोकळी केली. जेवढी वाळू काढावी तेवढी वरून ओघळून परत यायची. सतरंजी घातली, चाकानं ती मागे फेकून दिली. तंबूचं कापड घातलं, त्याचीही तीच गत. प्रत्येक वेळी गाडी थोडी आणखी खोल गेली. शेवटी ते थांबले, आणि सवयीनं हाक मारून बसले, "ओ भाऊ!"

हाकेला काहीच झालं नाही. आसेगावात हाक मारली की निदान कुत्रं तरी मान वर करतं. इथे आवाज गेला तो गेला, परतसुद्धा आला नाही. रंगरावांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पहिल्या हाकेनंच त्यांना जास्त भीती वाटली होती.

फोन घेऊन ते टेकाडावर चढले. हात उंच करून चारी दिशांना फिरले. टॉवर ना मागचा दिसत होता ना पुढचा. पायी निघावं का? गोविंदसिंगचं बोलणं आठवलं. शिवाय पायी निघणं म्हणजे गाडीही सोडणं, आणि त्या घडीला गाडी हीच एक सोबत होती. खाली येऊन त्यांनी बॉनेटवर हात ठेवला तर ती तापलेली. माणसाला ताप असला की घरचे बसतात तसे ते तिच्या सावलीत बसले. ऊन वर चढत होतं. तोंड कोरडं पडत होतं, आणि ते उन्हानं की भीतीनं हे समजायला मार्ग नव्हता.

पाण्याचे दोन कॅन आणले होते. त्यातला एक संपला होता, दुसरा अर्धा. रंगरावांनी तो हलवून पाहिला. मग दोन घोट घेतले आणि पुन्हा हलवून पाहिला. घोटा-घोटानं त्यांच्या लक्षात येत होतं की हे पाणी म्हणजेच आता आपल्याजवळचा वेळ. कोणी शोधायला येणार नाही. त्याची व्यवस्था आपणच केली आहे. वाट चुकून एखादा उंटवाला येईल तर आज येईल, नाहीतर परवा येईल. परवापर्यंत कॅन पुरला पाहिजे.

भूक नव्हती, पण काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पानाबाईंनी दिलेला खाकऱ्यांचा डबा उघडला. शेठ आले नव्हते, त्यांचा डबा मात्र मारवाडात पोचला होता. दोन खाकरे खाल्ले, आणि घरी करतात तसं कॅन तिरका करून हात धुतले. धुऊन झाल्यावर समजलं की काय केलं. ओंजळभर पाणी वाळूत गेलं होतं. रंगरावांना इतकं वाईट वाटलं, की ते त्या ओल्या डागाकडे बघतच राहिले. पाणी परत येईल का, म्हणून जणू त्यांनी त्यावर तळहात टेकवला.

हात रुतला नाही.

त्यांनी बाजूच्या कोरड्या वाळूत हात टेकवला, मनगटापर्यंत गेला. पुन्हा डागावर. सारवलेल्या अंगणासारखा घट्ट. ते उठले, त्या एवढ्याशा डागावर टाच ठेवून उभे राहिले. टाच वरच राहिली. मग त्यांनी मान वळवून खाली, सखल भागातल्या त्या काळपट वाटेकडे पाहिलं, जी त्यांनी सकाळी चिखल समजून सोडली होती. कितीतरी वेळ पाहत राहिले. म्हणजे इथे सगळं उलटं आहे तर. इथे ओलं ते पक्कं, आणि कोरडं ते दलदल. मग रंगराव स्वतःलाच एवढंच म्हणाले, "अबे लेका."

उपाय सापडला, आणि तोच नवा घोर होऊन बसला. चाकांच्या मागे वाळू भिजवायची आणि गाडी उताराकडे मागे सोडायची. पण भिजवायची कशानं? पाणी एकच. प्यायलं तर बसून वाट पाहता येईल. ओतलं आणि गाडी निघाली तर सुटलो; ओतलं आणि नाही निघाली, तर वाट पाहायलाही काही उरणार नाही. भाजीवाल्याला असा सौदा नवा नसतो. पण तिथे माल सडतो, माणूस नाही.

आयुष्यात असा कोणताही निर्णय रंगरावांनी एकट्यानं घेतला नव्हता. मोटार कोणती घ्यायची हे भावानं सांगितलं, वाण कोणतं लावायचं हे हुकूमचंदांनी, आणि बाकीचं सगळं उज्ज्वलाबाईंनी. त्यांनी मनात उज्ज्वलाबाईंना विचारून पाहिलं. मनातल्या उज्ज्वलाबाई म्हणाल्या, तुमचं काय करू? त्याचा उपयोग झाला नाही. त्यांनी कॅन उचलला, खाली ठेवला. सावली गाडीच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, तरी ते तिथेच. उन्हं कलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ठरवत बसलो तरी पाणी कमी होतंच आहे. प्रत्येक विचाराला एक घोट लागतो.

मग मात्र हातांनी काम घेतलं. गाडीच्या पोटाखालची वाळू त्यांनी फावड्यानं ओढून काढली. प्रत्येक चाकामागे उताराची वाट केली, वाफे करतात तशी, कडा दाबून. पाणी धो धो ओतलं तर एकाच जागी खड्डा करून खाली जाईल, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. रोपवाटिकेत कोवळ्या रोपांना पाणी देताना तेच तर सांभाळायचं असतं. त्यांनी एका रिकाम्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि कॅनमधलं पाणी तिच्यात घेऊन, वाकून, एकेका चाकामागे शिंपडत गेले. वाळू काळी होत गेली. वरून ऊन आणि वारा ती वाळवायला टपलेले, म्हणून घाई. आणि घाई केली की पाणी एकाच जागी पडायचं, म्हणून घाई करता येईना.

निम्मं पाणी त्यांनी मागे ठेवलं होतं. शहाणपण म्हणून. ते गाडीत बसले, दांडी ओढली आणि पाय इतका हळू दाबला, की जणू झोपलेल्या पोराला ओलांडून जातोय. फोरबाय हलली. मागे आली, हातभर, दोन हात. आणि जिथे ओल संपत होती तिथे पुन्हा डावं चाक बसायला लागलं. त्यांनी पाय काढला.

बाहेर येऊन त्यांनी कॅन पाहिला, मग उतार पाहिला. पक्क्या वाटेपर्यंत अजून तेवढंच अंतर होतं जेवढं पाणी होतं. या वेळी ठरवायला वेळ लागला नाही. घाबरायचं जेवढं होतं तेवढं सकाळपासून घाबरून झालं होतं. त्यांनी कॅन तोंडाला लावून पोटभर पाणी पिऊन घेतलं; पोटात ठेवलेलं पाणी निदान आपल्याच हातून ओतलं जाणार नाही. उरलेलं सगळं, शेवटचे थेंब झटकून, चाकांमागे शिंपडलं. रिकामा कॅन मागच्या सीटवर टाकला. मग चाकाशी वाकून ते गाडीला म्हणाले, "आता माह्याजवळ काही नाही. तुह्याजवळ काय हाय ते दाखव."

गाडी मागे आली. करकरत, डुलत, एकदा जीव खालीवर करत, पण आली, आणि उताराच्या पायथ्याशी त्या काळपट, ओलसर वाटेवर चारही चाकांनी उभी राहिली. रंगराव उतरले नाहीत. त्यांनी गाडीचं तोंड फिरवलं आणि ओल्या वाटेनं निघाले. सगळा जन्म ज्याच्यापासून पळण्यात गेला त्याच ओलीवर गाडी घालताना त्यांच्या पायाची बोटं चपलेत वळलेली होती. पुढे एखादं चकाकतं ठिकाण दिसलं की हात आपोआप कोरड्याकडे वळायला बघायचे, आणि ते एका हातानं दुसरा हात धरून ठेवायचे. दोनदा त्यांनी गाडी थांबवली, कारण दोनदा त्यांना वाटलं की आवाज बदलला. बदलला नव्हता. त्यांचाच श्वास वाजत होता.

टॉवर दिसला तेव्हा सूर्य त्याच्या मागे आला होता. सडकेवर एक झोपडी, झोपडीपुढे माठ. माठापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं काही विचारलं नाही. तांब्या भरून दिला, तो रिकामा झाल्यावर पुन्हा भरून दिला, आणि तिसऱ्यांदा माठच पुढे सरकवला. ते सडकेच्या कडेला बसले. डांबर हाताला गरम लागत होतं. ते त्यावर हात फिरवत बसले.

तेवढ्यात खिशात फोनला जीव आला. उज्ज्वलाबाईंचे एकामागे एक आलेले, न लागलेले फोन तिथे दिसत होते. त्यांनी लावला. पहिली घंटी पुरी झाली नाही.

"कुठी होते?"

"वाळूत फसलो होतो. निंघालो आता."

"कोनं काढलं?"

"कोनी नाही. मीच."

"पानी हाय ना जवळ?"

"पानी चाकायले पाजलं. सारं."

"सारं?"

"हो."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग विचारलं, "गाव दूर हाय का अजून?"

"हाय थोडं. एकटीच सडक हाय, कोनी दिसत नाही."

"मंग फोन ठेवू नका. समोर ठेवा अन् गाडी चालवा. मी बोलत राह्यतो."

रंगरावांनी फोन काचेपाशी ठेवला आणि गाडी सोडली. उज्ज्वलाबाई बोलू लागल्या. मेथीला आज भाव बरा होता. विहिरीवरचा स्टार्टर पुन्हा बिघडला, वायरमन उद्या येतो म्हणते, म्हणजे काही येत नाही. बेबीताईची म्हैस व्याली, पारडू झालं. हुकूमशेठचा दिवसभर फोन, रंगरावचं काही समजलं का म्हणून; शेवटी मीच त्यायले म्हटलं, तुमी गोळी घ्या अन् पडा. सडक सरळ होती, दोन्ही बाजूंना अंधारत चाललेली वाळू, आणि रेंज मधेच जायची. बोलणं तुटायचं, मग कुठेतरी पुढे एखाद्या भलत्याच विषयाच्या मध्यावर परत सुरू व्हायचं. पलीकडे त्या काही थांबल्या नव्हत्या. रंगराव समोर बघत गाडी चालवत होते आणि प्रत्येक वाक्याला हुंकार देत होते. जिथे आवाज येत नव्हता, तिथेसुद्धा.